खिशातला एक रुपयाही न घालवता बिटकॉइनचा नोड: ॲप बनवण्याआधी लॅपटॉपवर करायची तयारी

 

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांचे मेसेज आलेत आणि त्यांचा सूर साधारण एकच आहे. "दादा, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, बिटकॉइन पेमेंट घेणारं ॲप करायचंय. खरे बिटकॉइन विकत घ्यावे लागतील का? माझ्या लॅपटॉपवर चालेल का?" तर उत्तर आधीच देऊन टाकतो. विकत काही घ्यायचं नाही आणि लॅपटॉप साधा असला तरी चालेल. कसं ते आजच्या भागात बघू. ऐकताना कमांड लक्षात राहत नाहीत, म्हणून हा लेखी भाग. कमांड मी जशा बोललो तशाच लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान आणि शब्द जोडून लिहायच्या.

पण त्याआधी माझी एक चूक सांगतो. आजचा सगळा भाग त्या चुकीतूनच आलाय.

माझी चूक

नोकरी लागून दोनेक वर्षं झाली होती. संध्याकाळी वाकडच्या रूमवर बसून मी बाहेरची छोटी कामं घ्यायचो. परदेशातला एक क्लायंट होता, गेमच्या लायसन्स की विकायचा. त्याला बिटकॉइनमध्ये पेमेंट हवं होतं. मी ॲप बनवलं. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की नेटवर्कवर व्यवहार दिसायचा, तो दिसला की माझं ॲप 'पेड' असं लिहायचं आणि की ईमेलने जायची. मस्त चाललं होतं.

एका रात्री एकाच माणसाने वेगवेगळ्या नावांनी बऱ्याच की घेतल्या. सकाळी बघतो तर क्लायंटच्या वॉलेटमध्ये त्यातला एकही पैसा नाही. त्या माणसाने व्यवहार पाठवला होता, पण तो ब्लॉकमध्ये जायच्या आत जास्त फी देऊन तेच पैसे दुसऱ्या व्यवहाराने स्वतःकडे वळवले होते. की मात्र निघून गेल्या होत्या.

क्लायंटने एकच प्रश्न विचारला, "तू हे टेस्ट केलं होतंस ना?" मी हो म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं. पण मी टेस्ट करत होतो खऱ्या नेटवर्कवर, खऱ्या पैशांनी. प्रत्येक वेळी फी जायची, ब्लॉकसाठी ताटकळत बसायला लागायचं. म्हणून सगळं सरळ चालतं का एवढंच चार-पाच वेळा बघितलं आणि सोडून दिलं. उलटं काय होऊ शकतं ते तपासलंच नाही. नुकसान माझ्या दोन महिन्यांच्या रूम भाड्याएवढं होतं. ते मी भरून दिलं. लाज वाटली ती वेगळीच.

तेव्हा मला रेगटेस्ट माहीत असतं, तर तो माणूस जे करून गेला ते मी एका संध्याकाळी स्वतःच करून बघितलं असतं.

नोड म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे भिशी असते. दहा-बारा जण दर महिन्याला पैसे काढतात आणि हिशोबाची वही एकाकडे असते. आता समजा प्रत्येकाकडे स्वतःची पूर्ण वही आहे, आणि कुणीही नवी नोंद सांगितली की प्रत्येक जण ती आपापल्या वहीशी ताडून बघतो. पैसे खरंच होते का? तेच पैसे आधी कुठे दिले तर नाहीत ना? सही बरोबर आहे का? पटलं तर नोंद घेतो, नाहीतर फेकून देतो. असा प्रत्येक वहीवाला म्हणजे नोड.

बिटकॉइनमध्ये ही वही ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून सुरू होते, आणि साधारण दर १० मिनिटांनी तिच्यात एक नवा ब्लॉक, म्हणजे नवं पान, जोडलं जातं. पानावर यायची वाट बघणारे व्यवहार प्रत्येक नोडच्या मेमपूलमध्ये असतात. मेमपूल म्हणजे वेटिंग लिस्ट. तिकीट वेटिंगवर असताना तुम्ही बर्थवर जाऊन झोपत नाही ना? माझं ॲप नेमकं तेच करत होतं.

मग दुसऱ्या कुणाची तरी तयार एपीआय का वापरू नये? वापरता येते. पण मग तुमचं ॲप 'पैसे आले' हे दुसऱ्याच्या शब्दावर मानतं. शिवाय त्या सर्व्हिसवर तुम्ही वाईट प्रसंग मुद्दाम घडवून आणू शकत नाही. डेव्हलपरसाठी स्वतःच्या नोडचा खरा फायदा तोच आहे.

चार नेटवर्क, आणि आपलं कुठलं

बिटकॉइन कोर हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं नोड सॉफ्टवेअर. ते चार प्रकारच्या नेटवर्कवर चालतं.

पहिलं मेननेट, म्हणजे खरे पैसे. याची पूर्ण वही आता ६०० जीबीच्या पुढे गेलीय. रोजचा २ जीबी डेटा असलेल्या मोबाईल हॉटस्पॉटवर ती उतरवायची म्हटलं तर ३०० दिवस लागतील, तेही दुसरं काहीच न बघता. 'प्रून' नावाची सोय आहे, तिने डिस्कवरची जागा वाचते. अगदी ५५० एमबीपर्यंतची मर्यादा घालता येते. पण एक लक्षात घ्या, प्रून केलं तरी वही एकदा सगळी उतरवून तपासावीच लागते. जागा वाचते, डेटा वाचत नाही. इथे खूप जण फसतात.

दुसरं टेस्टनेट. यातल्या नाण्यांना किंमत नाही, पण नेटवर्क सगळ्यांचं सामायिक. ब्लॉक कधी पटापट येतात, कधी येतच नाहीत.

तिसरं सिग्नेट. हेही सामायिकच, पण ब्लॉक ठरावीक लोकांच्या सहीनेच बनतात, त्यामुळे शिस्तीत येतात. ॲप जवळजवळ तयार झालं की इथे आणायचं.

चौथं रेगटेस्ट, आजचा हिरो. हे संपूर्ण नेटवर्क फक्त तुमच्या लॅपटॉपवर असतं. इंटरनेट बंद केलं तरी चालतं. ब्लॉक कधी बनवायचा ते तुम्ही ठरवता. वही शून्यापासून सुरू होते, त्यामुळे जागा नगण्य लागते. इथे १० मिनिटं थांबायचं नाही, एंटर दाबला की ब्लॉक तयार.

इन्स्टॉल आणि पहिली फाईल

सॉफ्टवेअर बिटकॉइनकोर डॉट ऑर्ग या अधिकृत साईटवरूनच घ्या. टेलिग्रामवर कुणी दिलेली लिंक नको. डाउनलोडच्या शेजारी चेकसमची फाईल असते. तुमच्या फाईलचा शा-२५६ काढून त्या यादीतल्या आकड्याशी जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे. पैशांशी संबंधित सॉफ्टवेअर न तपासता चालवायची सवय लावून घेऊ नका.

आता रेगटेस्टसाठी एक वेगळं फोल्डर करा आणि त्यात बिटकॉइन डॉट कॉन्फ नावाची फाईल बनवा. तिच्यात चार गोष्टी लिहायच्या.

पहिली ओळ, रेगटेस्ट बरोबर १. नेटवर्क कुठलं ते यातून कळतं.

दुसरी, सर्व्हर बरोबर १. खिडकीवालं व्हर्जन वापरत असाल तर ही लागतेच. नुसता बिटकॉइनडी चालवला तर तो तसाही कमांड ऐकतो.

तिसरी, टीएक्सइंडेक्स बरोबर १. यामुळे तुमच्या वॉलेटबाहेरचा कुठलाही व्यवहार आयडीवरून शोधता येतो. हे आणि प्रून एकत्र चालत नाही, पण रेगटेस्टवर प्रून हवंय कुणाला?

चौथी, फॉलबॅकफी बरोबर ०.०००२. ही विसरलात तर पहिल्याच पेमेंटला 'फी एस्टिमेशन फेल्ड' असा एरर येईल. नोड फीचा अंदाज आधीच्या व्यवहारांवरून बांधतो, आणि तुमच्या नव्याकोऱ्या नेटवर्कवर आधीचे व्यवहारच नाहीत. म्हणून अंदाज नसेल तेव्हा काय धरायचं ते आपण सांगून ठेवतो.

आता बिटकॉइनडी सुरू करा आणि त्याला डेटाडिर म्हणून हेच फोल्डर द्या. दुसऱ्या टर्मिनलमध्ये बिटकॉइन-सीएलआयलाही तेच डेटाडिर द्या. दोघांना वेगवेगळं दिलं तर सीएलआयला पासवर्डची कुकी सापडत नाही आणि तुम्ही तासभर डोकं खाजवत बसाल. अनुभवाचे बोल आहेत.

'गेट ब्लॉकचेन इन्फो' चालवा. 'चेन'समोर रेगटेस्ट आणि 'ब्लॉक्स'समोर ० दिसलं की जमलं.

दोन वॉलेट आणि १०१ ब्लॉक

वॉलेट आपोआप तयार होत नाही. 'क्रिएट वॉलेट' कमांडने दोन बनवा, एकाचं नाव दुकान, दुसऱ्याचं गिऱ्हाईक. यापुढे वॉलेटशी संबंधित प्रत्येक कमांडला 'आरपीसी वॉलेट' पर्यायात नाव द्यायचं, नाहीतर नोड विचारतो की बाबा, नेमकं कुठलं? नोड बंद करून परत सुरू केला आणि वॉलेट गायब दिसलं तर घाबरू नका, 'लोड वॉलेट' करा.

गिऱ्हाईक वॉलेटमधून 'गेट न्यू ॲड्रेस' करून पत्ता घ्या. तो बीसीआरटी१ ने सुरू होतो. मेननेटचा नवा पत्ता बीसी१ ने आणि टेस्टनेट-सिग्नेटचा टीबी१ ने. पत्त्याच्या सुरुवातीवर नजर टाकायची सवय ठेवा.

आता 'जनरेट टू ॲड्रेस', मग १०१, मग तो पत्ता. क्षणात १०१ ब्लॉक तयार.

१०१ च का? ब्लॉक बनवल्याचं बक्षीस लगेच खर्च करता येत नाही, त्यावर आणखी १०० ब्लॉक चढावे लागतात. म्हणजे १०१ व्या ब्लॉकनंतर फक्त पहिल्या ब्लॉकचं बक्षीस मोकळं होतं. 'गेट बॅलन्सेस' केलं की ५० बिटकॉइन वापरायला आणि ५,००० 'इमॅच्युअर' दिसतील. आणि हो, रेगटेस्टवर बक्षीस दर १५० ब्लॉकनंतर निम्मं होतं. मेननेटवर हेच दर २,१०,००० ब्लॉकनंतर होतं. नंतर कधी हिशोब जुळेना झाला तर कारण बहुतेक हेच असेल.

आता दुकानातून पत्ता घ्या आणि गिऱ्हाईक वॉलेटमधून 'सेंड टू ॲड्रेस' करून २ बिटकॉइन पाठवा. दुकानात 'गेट ट्रान्झॅक्शन' करून बघा, 'कन्फर्मेशन्स' समोर ० आहे. एक ब्लॉक बनवा, परत बघा, १ झालं. माझं ॲप त्या शून्यावरच माल देत होतं.

आता मुद्दाम बिघडवा

सरळ रस्ता झाला. खरं काम इथून पुढे आहे. मी आता कुठलंही पेमेंटचं काम घेतलं की आधी हे तीन प्रयोग करतो.

पहिला, पैसे वळवणं. गिऱ्हाईक वॉलेटमधून परत २ बिटकॉइन दुकानाला पाठवा, पण ब्लॉक बनवू नका. या व्यवहाराने कुठला इनपुट वापरला ते बघा. मग 'क्रिएट रॉ ट्रान्झॅक्शन' ने तोच इनपुट घेऊन सगळे पैसे गिऱ्हाइकाच्याच नव्या पत्त्यावर पाठवा, इनपुटच्या रकमेपेक्षा ०.००१ कमी लिहून. तो फरक म्हणजे फी. 'साइन रॉ ट्रान्झॅक्शन विथ वॉलेट' आणि मग 'सेंड रॉ ट्रान्झॅक्शन'. जास्त फीचा नवा व्यवहार आत येतो आणि दुकानाचा व्यवहार मेमपूलमधून बाहेर फेकला जातो. एक ब्लॉक बनवा आणि दुकानात जुना व्यवहार बघा. कन्फर्मेशन्स उणे झालेत. उणे म्हणजे, तेच पैसे दुसरीकडे खर्च होऊन ब्लॉकमध्ये गेलेत. तुमचं ॲप हा उणे आकडा वाचून ऑर्डर रद्द करतंय का?

इथे एक सावधगिरी. असा व्यवहार हाताने बनवताना उरलेले सुट्टे स्वतःच्या पत्त्यावर परत लिहायचे असतात. इनपुट ५० चा आणि आउटपुट फक्त २ चा लिहिला तर उरलेले ४८ फी धरले जातात. 'सेंड रॉ ट्रान्झॅक्शन' इतकी अवाढव्य फी अडवतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा प्रयोग, पान फाडणं. एक पेमेंट करा, ब्लॉक बनवा, कन्फर्मेशन १ झालं. आता 'गेट बेस्ट ब्लॉक हॅश' ने शेवटच्या ब्लॉकचा हॅश घ्या आणि तो 'इनव्हॅलिडेट ब्लॉक' ला द्या. ब्लॉक गेला, व्यवहार परत वेटिंगवर, कन्फर्मेशन ०. मग 'जनरेट ब्लॉक' ला पत्ता आणि रिकामी यादी देऊन मुद्दाम कोरा ब्लॉक बनवा. वहीची उंची पहिल्याएवढीच आहे, पण तुमचं पेमेंट त्यात नाही. 'ब्लॉकची उंची वाढली नाही म्हणजे काही बदललं नाही' असं धरून चालणारं ॲप इथे तोंडावर पडतं.

तुम्ही म्हणाल, असं खरंच होतं का? एखादा ब्लॉक मागे पडणं अधूनमधून होतं. आणि मार्च २०१३ मध्ये तर बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या ०.८ आणि त्याआधीच्या व्हर्जनचं एका ब्लॉकवरून पटेना, साखळीला दोन फाटे फुटले आणि शेवटी २४ ब्लॉकचा एक फाटा सोडून द्यावा लागला. म्हणून जुना नियम आहे, मोठ्या रकमेला ६ कन्फर्मेशन, म्हणजे साधारण एक तास थांबा. किरकोळ रकमेला १ वरही भागतं. पण हा आकडा क्लायंटशी बोलून ठरवा आणि सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये खोल कुठेतरी गाडू नका.

तिसरा प्रयोग, झोपलेलं ॲप. नोड चालू ठेवा, ॲप बंद करा. दोन पेमेंट पाठवा, तीन ब्लॉक बनवा, मग ॲप सुरू करा. दोन्ही पेमेंट त्याला सापडली का? एकेकदाच मोजली गेली का? नोड नवीन ब्लॉकची सूचना झेडएमक्यूवरून देतो, पण ॲप झोपलेलं असताना आलेली सूचना परत मिळत नाही. त्यामुळे सूचना आली की जागं व्हायचं, आणि हिशोब मात्र 'लिस्ट सिन्स ब्लॉक' वरून करायचा. मागच्या वेळी कुठल्या ब्लॉकपर्यंत बघितलं होतं ते सांगितलं की ती कमांड त्यानंतरचं सगळं देते. मध्ये पान फाटलं असेल तर त्यातले व्यवहार 'रिमूव्ह्ड' यादीत वेगळे दाखवते.

ॲप जोडताना

चार गोष्टी पाळा.

एक, रक्कम. नोड रक्कम ०.१, ०.२ अशी दशांशात देतो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, शेपटीला नको ते आकडे लागतात. म्हणून डेटाबेसमध्ये सगळं सातोशीत, पूर्णांकात ठेवा. १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी.

दोन, मोबाईल ॲपने नोडशी थेट बोलायचं नाही. ॲपमध्ये ठेवलेला पासवर्ड एपीके उघडणारा कुणीही वाचू शकतो. मोबाईल तुमच्या बॅकएंडशी बोलेल आणि बॅकएंड नोडशी.

तीन, आरपीसीचा दरवाजा इंटरनेटला उघडू नका. तो मुळात फक्त त्याच मशीनपुरता उघडा असतो, ते बरोबरच आहे. 'आरपीसी अलाऊ आयपी' मध्ये सगळ्या जगाला परवानगी देऊन मोकळं व्हा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या दारातून जाणारा मजकूर एन्क्रिप्टेड नसतो. नोड दुसऱ्या मशीनवर असेल तर एसएसएच टनेल वापरा.

चार, ॲप सुरू होताना 'गेट ब्लॉकचेन इन्फो' मधलं 'चेन' तपासा. सेटिंगमध्ये रेगटेस्ट लिहिलंय आणि नोड मेननेट सांगतोय, तर ॲपने तिथेच बंद पडावं. पाच ओळींचा कोड आहे, पण एक दिवस तो तुमची अब्रू वाचवेल.

कायद्याचं दोन मिनिटांत

रेगटेस्टच्या नाण्यांना किंमत शून्य, त्यामुळे शिकण्यात कराचा प्रश्न नाही. खऱ्या क्रिप्टोच्या नफ्यावर मात्र आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. तुमचं ॲप लोकांचे क्रिप्टो सांभाळणार किंवा बदलून देणार असेल, तर मार्च २०२३ पासून असे धंदे मनी लॉन्डरिंग विरोधी कायद्याखाली येतात आणि एफआययूकडे नोंदणी लागते. तेव्हा प्रोजेक्ट वेगळा आणि धंदा वेगळा. धंदा करायचा तर आधी सीए गाठा.

शेवटी

क्रम लक्षात ठेवा. आधी रेगटेस्टवर बिघडवून बघा, मग सिग्नेटवर अनोळखी लोकांमध्ये चालवा, आणि सगळ्यात शेवटी मेननेटवर, तेही छोट्या रकमेने.

त्या क्लायंटने मला नंतर अजून एक काम दिलं. मी विचारलं, माझ्यावर विश्वास कसा काय ठेवलास? तो म्हणाला, "एकदा फटका बसलाय, आता तू नक्की तपासशील." तुम्हाला मात्र भाडं भरून शिकायची गरज नाही. लॅपटॉप उघडा, १०१ ब्लॉक बनवा आणि स्वतःच्याच दुकानाला आज रात्री फसवून दाखवा. जमलं की मेसेज करा, नाही जमलं तर एररचा स्क्रीनशॉट पाठवा.